जीएसटी पोर्टलशी पहिली गाठ : बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या नव्या व्यापाऱ्यांसाठी

पुण्याच्या दुकानदारासाठी लिहिलेली जीएसटीची माहिती वाचून बेळगावात धंदा सुरू केला, की पहिल्या तिमाहीतच गाडी अडते. पुण्याच्या दुकानदाराचं बहुतेक गिऱ्हाईक महाराष्ट्रातलंच असतं. आपलं तसं नाही. गणपत गल्लीत सकाळी पहिलं गिऱ्हाईक चंदगडचं येतं, दुसरं खानापूरचं, तिसरं चोर्ल्याच्या घाटानं गोव्याहून आलेलं. सूत इचलकरंजीचं, मशीनचे पार्ट कोल्हापूरचे, गोदाम शिनोळीत. आपल्या लेखी हा सगळा एकच मुलूख. पोर्टलच्या लेखी मात्र कर्नाटक म्हणजे २९, महाराष्ट्र म्हणजे २७, गोवा म्हणजे ३०, आणि त्यापलीकडं त्याला काही कळत नाही.

इथल्या छोट्या व्यापाऱ्यांच्या तक्रारी मुख्यतः दोन जातीच्या असतात. एक, पोर्टल चालत नाही, ओटीपी येत नाही, पैसे कापले पण दिसत नाहीत. ही डोकेदुखी साऱ्या देशाची आहे. दुसरी जात खास आपली: कर भरला, पण चुकीच्या राज्याच्या खात्यात. पहिलीनं संध्याकाळ वाया जाते, दुसरीनं पैसे. म्हणून या लेखात दुसरीवर जास्त वेळ घालवणार आहे.

१. आधी ठरवा, जीएसटी नंबर लागतो का

फक्त मालाचा व्यापार असेल तर वर्षाची उलाढाल ४० लाख रुपयांवर गेल्यावर आणि सेवा असेल तर २० लाखांवर गेल्यावर नोंदणी सक्तीची होते. हे सगळ्यांना पाठ असतं. याच कायद्यातला दुसरा नियम फारसा कुणी सांगत नाही: करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकला की उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते. काही हस्तकलांच्या वस्तूंना थोडी सूट आहे, बाकीच्यांना नाही. शहापुरात घरी कुंदा करून वर्षाला ८ लाखांचा धंदा करणारा माणूस चंदगडच्या बेकरीला नेमानं डबे पाठवत असेल, तर ४० लाखांची मर्यादा त्याच्या कामाची नाही. सेवा देणाऱ्यांना ही अडचण नाही. टिळकवाडीत बसून कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाला डिझाईन करून देणाऱ्याला २० लाखांपर्यंत सूट आहे.

मग चंदगडचा माणूस दुकानात येऊन पाव किलो कुंदा घेऊन गेला तर? घाबरू नका. गिऱ्हाइकाकडं जीएसटी नंबर नसेल आणि बिलावर त्याचा पत्ता लिहिला नसेल, तर विक्री तुमच्या दुकानाच्या ठिकाणीच झाली असं कायदा मानतो. हा खुलासा १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे. बिलावर राज्याचं नाव जरी लिहिलं तरी तो पत्ता लिहिल्यासारखा धरला जातो, हेही त्यातच आहे. तेव्हा प्रेमापोटी नावापुढं ‘चंदगड, महाराष्ट्र’ लिहायची सवय असेल तर ती सोडा. अपवाद ५० हजार आणि त्यावरच्या बिलाचा. तिथं नंबर नसलेल्या गिऱ्हाइकाचंही नाव, पत्ता आणि राज्य लिहावंच लागतं.

कंपोझिशन, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्का कर भरण्याच्या योजनेबद्दल सल्ला देणारे पुष्कळ भेटतील: दीड कोटीपर्यंत उलाढाल, व्यापाऱ्याला १ टक्का कर, तीन महिन्यांतून एकदा सीएमपी-०८ हा कर भरण्याचा फॉर्म, वर्षातून एकदा जीएसटीआर-४ हे रिटर्न, म्हणजे विक्रीचा आणि कराचा हिशेब. सोपी आहे खरी. पण कंपोझिशनवाल्याला दुसऱ्या राज्यात माल विकता येत नाही. दुसऱ्या राज्यातून आणता येतो, तिकडं देता येत नाही. निपाणीत दुकान आणि अर्धं गिऱ्हाईक कागलकडचं दुकानदार मंडळी, अशा माणसानं हा सोपेपणा घेतला तर पुढं त्यालाच महाग पडतो. शिवाय कंपोझिशनवाल्याला बिलावर कर दाखवता येत नाही, त्यामुळं समोरच्या व्यापाऱ्याला क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेला कर स्वतःच्या करातून वजा करायची सोय, मिळत नाही आणि तो दुसरीकडं वळतो.

यूपीआयचं वेगळं सांगायला हवं. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्यानं यूपीआयवर आलेल्या रकमा बघून नोंदणी नसलेल्या हजारो छोट्या व्यापाऱ्यांना नोटिसा काढल्या, आणि बंगळूरात दुकानांवर ‘यूपीआय नाही, रोख द्या’ अशा पाट्या लागल्या. पुढं सरकारनं जुन्या बाकीच्या बाबतीत नमतं घेतलं. तरी धडा साधा आहे. क्यूआर कोडवर येणारी रक्कम खात्याला दिसते, आणि त्यात पाहुण्यानं परत केलेले उसने पैसेही तुमची विक्री म्हणून मोजले जाऊ शकतात. दुकानाचं खातं वेगळं, घरचं वेगळं, हे पहिल्याच दिवशी करा.

२. अर्जाआधी कागद जुळवा

पोर्टलवर नोंदणीला फी नाही. कुणी ‘सरकारी फी’ म्हणून पैसे मागितले तर ती त्याची स्वतःची मजुरी आहे, ती घासाघीस करून ठरवा.

अर्जाचा पहिला भाग भरला की टीआरएन नावाचा तात्पुरता नंबर मिळतो. तो १५ दिवस चालतो, त्या आत दुसरा भाग पुरा करायचा. गाडी अडते ती जागेच्या पुराव्यावर. आपल्याकडं हेस्कॉमचं मीटर आजोबांच्या नावावर, घरपट्टीची पावती चुलत्यांच्या नावावर आणि दुकान तुम्ही चालवता. अशा वेळी ज्याच्या नावावर कागद आहे त्याचं संमतीपत्र लागतं. तो हयात नसेल तर आधी नाव बदलून घेणं किंवा दुसरा पुरावा काढणं शहाणपणाचं. भाड्याची जागा असेल तर भाडेकरार आणि मालकाच्या नावाचं वीजबिल किंवा घरपट्टी. जागेचा खाते-उतारा कन्नडमध्ये, आधार इंग्रजीत, आणि दोन्हीकडं आडनावाचं स्पेलिंग निराळं, हे तर नेहमीचंच. पॅनवरचं नाव प्रमाण धरा आणि बाकीचे कागद त्याला जुळवा. जुन्या कागदावर ‘बेलगाम’ आणि नव्यावर ‘बेळगावी’ असणं चालतं, नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं हे अधिकाऱ्यालाही ठाऊक आहे. घर नंबर आणि पिनकोड मात्र सगळीकडं एकच असू द्या.

आधार पडताळणीचा पर्याय निवडा. काही अर्जदारांना बोटाच्या ठशांसाठी केंद्रात बोलावतात, तसा निरोप ईमेलवर येतो. सगळं नीट असेल तर सात कामाच्या दिवसांत नंबर मिळायला हवा. शंका निघाली तर आरईजी-०३ नावाची विचारणा येते आणि तिला सात कामाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं. हा निरोप ईमेलच्या जाहिरातींच्या ढिगात हरवतो आणि अर्ज फेटाळला जातो, म्हणून त्या काळात पोर्टलवर स्वतः डोकावत राहा. नंबर मिळाल्यावर ३० दिवसांच्या आत किंवा पहिलं जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) भरण्याआधी, जे आधी येईल तेव्हा, बँकेचं खातं जोडायचं.

आपला अधिकारी राज्याचा की केंद्राचा, हेही तेव्हाच बघून ठेवा. पोर्टलच्या ‘सर्च टॅक्सपेअर’मध्ये स्वतःचा नंबर टाकला की दिसतं. पुढं नोटीस आली तर कुठल्या कार्यालयाची पायरी चढायची, हे त्यावर ठरतं. जीएसटी नंबर असलेल्याला कर्नाटकचा व्यवसाय करही लागतो, वर्षाला २,५०० रुपये. त्याचं पोर्टल निराळं आहे.

३. मोबाईल आणि ईमेल तुमचाच

ही पायरी वाटते किरकोळ, पण इथं चुकलेली माणसं वर्षानुवर्षं अडकलेली बघायला मिळतात. नोंदणी करून देणारा कन्सल्टंट सोयीसाठी स्वतःचा मोबाईल आणि स्वतःचा ईमेल टाकतो. त्याचं काम सोपं होतं, ओटीपीसाठी तुम्हाला दरवेळी फोन करावा लागत नाही. सहा महिन्यांनी त्याच्याशी बिनसतं, तो फोन उचलत नाही, आणि तुमच्या धंद्याची किल्ली त्याच्या खिशात राहते. रिटर्न भरलं की नाही, नोटीस आली की नाही, यातलं काहीच तुम्हाला कळत नाही.

अर्ज भरताना शेजारी बसा आणि ‘ऑथराइज्ड सिग्नेटरी’च्या (सहीचा अधिकार असलेल्याच्या) चौकटीत तुमचाच नंबर आहे हे डोळ्यांनी बघा. कन्सल्टंटनं कुरकुर केली तरी चालेल. एकट्याच्या मालकीचा धंदा असेल तर रिटर्न ईव्हीसीनं, म्हणजे ओटीपीनं, दाखल करता येतं, डिजिटल सहीचा खर्च लागत नाही. ओटीपी देताना एवढंच विचारायचं: कुठल्या महिन्याचं, कुठलं रिटर्न, कर किती. तीन प्रश्नांना उत्तर मिळालं की ओटीपी द्या.

आधीच दुसऱ्याचा नंबर पडला असेल आणि तो माणूस सहकार्य करत असेल, तर नोंदणीत दुरुस्ती करून मोबाईल-ईमेल बदलता येतो, त्याला अधिकाऱ्याची मंजुरी लागत नाही. सहकार्य नसेल तर नोंदणीचं प्रमाणपत्र, पॅन आणि ओळखीचे कागद घेऊन आपल्या हद्दीच्या अधिकाऱ्याकडं लेखी अर्ज द्या. खातरजमा करून तो त्याच्या बाजूनं मोबाईल-ईमेल बदलतो आणि नव्या ईमेलवर तात्पुरता पासवर्ड येतो. कार्यालयात अर्ज कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत द्यावा लागतो, हे घरातून निघतानाच लक्षात ठेवा. पोच घेतल्याशिवाय परतू नका.

खानापूर तालुक्यात जंगलाकडच्या गावांत ओटीपी वेळेत येत नाही, ही तक्रार खरी आहे. तोच ओटीपी ईमेलवरही येतो. वायफाय असेल तर ईमेल उघडी ठेवून बसा.

४. २९ की २७

बिल करण्याआधी गिऱ्हाइकाच्या जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे बघा आणि माल कुठं पोचणार ते विचारा. माल कर्नाटकातच राहणार असेल तर सीजीएसटी (केंद्राचा कर) आणि एसजीएसटी (राज्याचा कर), निम्मा-निम्मा. माल महाराष्ट्रात किंवा गोव्यात पोचणार असेल तर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा कर). एकूण कर तेवढाच असतो, म्हणून कित्येकांना वाटतं की काय फरक पडतो. फरक खात्याचा पडतो. चुकीच्या खात्यात भरलेला कर बरोबर खात्यात आपोआप जात नाही. बरोबर खात्यात पुन्हा भरायचा आणि पहिल्याचा परतावा मागायचा, असा कायद्याचा मार्ग आहे. व्याज लागत नाही, एवढाच दिलासा. परतावा येईपर्यंत भांडवल अडकतं ते अडकतंच.

विक्रीपेक्षा खरेदीत लोक जास्त बुडतात. उद्यमबागेतल्या, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या, एका छोट्या वर्कशॉपचं उदाहरण घेऊ. मालक कोल्हापुरात जाऊन २०,००० रुपयांचे बेअरिंग आणतो. कर १८ टक्के, म्हणजे ३,६०० रुपये. दुकानदार सवयीनं बिल करतो: सीजीएसटी १,८००, एसजीएसटी १,८००, ‘प्लेस ऑफ सप्लाय (विक्री जिथली धरतात ते राज्य): २७-महाराष्ट्र’. बिलावर आपला २९चा नंबरही नीट छापलेला असतो, म्हणून मालक निर्धास्त. पुढच्या महिन्यात २बी, म्हणजे विक्रेत्यांनी दाखवलेल्या तुमच्या खरेदीची पोर्टलवरची यादी, उघडली की हे बिल ‘आयटीसी नॉट अव्हेलेबल’, म्हणजे क्रेडिट मिळणार नाही, या भागात जाऊन बसलेलं असतं, आणि कारण दिलेलं असतं: विक्रेत्याचं राज्य आणि प्लेस ऑफ सप्लाय एकच, घेणाऱ्याचं राज्य निराळं. महाराष्ट्राच्या एसजीएसटीचं क्रेडिट कर्नाटकात मिळत नाही, आणि अशा बिलावरच्या सीजीएसटीचंही नाही. ३,६०० रुपये गेले.

यावर उपाय बिल होण्याआधी असतो. काउंटरवरच सांगा, माल बेळगावला जाणार आहे, आयजीएसटी लावा. काही दुकानदार हट्ट धरतात की माल तुम्ही इथं हातात घेतला, म्हणजे विक्री इथलीच. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा माल ट्रान्सपोर्टनं मागवा. पावतीवर पोचण्याचं ठिकाण बेळगाव पडलं की वादाला जागा राहत नाही. बिल होऊन गेलं असेल तर विक्रेत्याला दुरुस्ती करायला लावा. त्या आर्थिक वर्षाच्या दुरुस्त्यांना पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंत मुदत असते. पण मार्चमध्ये घेतलेल्या मालासाठी नोव्हेंबरात फोन केला तर तो दुकानदार ओळख दाखवेल याचा भरवसा नाही. दर महिन्याला बघा.

कोल्हापूर, पुण्यात धंद्यासाठी गेलात आणि लॉजवर राहिलात, तर त्या बिलावरचा सीजीएसटी-एसजीएसटी मात्र विसरून जा. खोली महाराष्ट्रात आहे, कर महाराष्ट्राचाच. तिथं आयजीएसटी लावा म्हणून काउंटरवर भांडू नका, लॉजवाला बरोबर आहे.

आयजीएसटीचं क्रेडिट सगळ्यात लवचिक असतं. इचलकरंजीहून सूत आणलं, आयजीएसटी भरला, आणि साड्या इथंच विकल्या तर ते क्रेडिट आधी आयजीएसटीला आणि उरलेलं सीजीएसटी, एसजीएसटी कुणालाही वापरता येतं. सीजीएसटीचं क्रेडिट मात्र एसजीएसटीला चालत नाही, की एसजीएसटीचं सीजीएसटीला.

आता शिनोळीतलं गोदाम. बेळगावातल्या कितीतरी उद्योजकांचे कारखाने आणि गोदामं शिनोळीला आहेत. जेवायला घरी येण्याइतकं अंतर, पण तालुका चंदगड, जिल्हा कोल्हापूर. तिथून माल विकायचा असेल तर २७ने सुरू होणारी दुसरी नोंदणी लागते. पॅन एकच असला तरी कायदा तुमची ही दोन दुकानं म्हणजे दोन निराळ्या व्यक्ती समजतो. उद्यमबागेतून स्वतःच्याच शिनोळीच्या गोदामात माल हलवला तरी आयजीएसटी लावून स्वतःलाच बिल करावं लागतं. तिकडं क्रेडिट मिळतं, नुकसान नाही, पण दर महिन्याला रिटर्न दोन राज्यांची. भाडं स्वस्त म्हणून तिकडं जाण्याआधी हिशेब ठेवणाऱ्याची मजुरी त्यात धरा.

५. महिन्याचा क्रम

उलाढाल ५ कोटींच्या आत असेल तर क्यूआरएमपी निवडता येतं: रिटर्न तीन महिन्यांतून एकदा, पैसे दर महिन्याला. तिमाहीचं जीएसटीआर-१ पुढच्या महिन्याच्या १३ तारखेला आणि जीएसटीआर-३बी (कर किती आणि क्रेडिट किती याचं रिटर्न, पुढं नुसतं ३बी) कर्नाटकात २२ तारखेला. तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत चलनानं भरायचा. दर महिन्यावाल्यांना तारखा ११ आणि २०.

गिऱ्हाईक किरकोळ असेल तर क्यूआरएमपी घ्या. गिऱ्हाईक कंपन्या असतील तर विचार करा. उद्यमबागेत फौंड्रीला जॉबवर्क (दुसऱ्याच्या मालावरचं मजुरीचं काम) करून देणाऱ्याचं बिल समोरच्याच्या २बीत दिसल्याशिवाय कराची रक्कम हातात पडत नाही, आणि तीन महिने थांबायची तयारी मोठ्या कंपनीची नसते. यासाठी आयएफएफ आहे: तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांची, नंबर असलेल्या गिऱ्हाइकांची बिलं पुढच्या १३ तारखेपर्यंत टाकता येतात. हे ऐच्छिक आहे, म्हणून कन्सल्टंट टाळतो. तुम्ही आग्रह धरा.

जीएसटीआर-१ भरताना नंबर असलेली गिऱ्हाइकं बिलानुसार, बाकीची किरकोळ विक्री राज्यानुसार एकत्र. दुसऱ्या राज्यातल्या, नंबर नसलेल्या गिऱ्हाइकाचं बिल १ लाखाच्या वर असेल तर ते स्वतंत्र दाखवायचं. मे २०२५च्या रिटर्नपासून एचएसएनचा, म्हणजे मालाच्या प्रकाराच्या कोडचा, तक्ता दोन भागांत झाला आहे, नंबर असलेल्यांची विक्री वेगळी, नसलेल्यांची वेगळी, आणि कोड यादीतूनच निवडावा लागतो. २२ सप्टेंबर २०२५ ला दर बदलले, १२ आणि २८चे टप्पे जवळजवळ गेले. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जुने दर राहिले असतील तर फरसाणावर अजून १२ टक्के लागत असेल, ते तपासा.

१४ तारखेला २बी तयार होते, क्यूआरएमपीवाल्यांची तिमाहीनंतर. ती आणि खरेदीची बिलं शेजारी ठेवून एकेक टिकमार्क करा. हे काम कंटाळवाणं आहे, आणि पैसे वाचतात ते याच कामात. जे बिल दिसत नाही त्या विक्रेत्याला त्याच दिवशी फोन.

३बी एकदा दाखल झालं की बदलता येत नाही. जुलै २०२५च्या रिटर्नपासून विक्रीवरचा कर जीएसटीआर-१ मधून आपोआप येतो आणि तो आकडा ३बीत खोडता येत नाही. चूक दिसली तर ३बी दाखल करण्याआधी जीएसटीआर-१ए भरून ती सुधारायची. म्हणून ३बी उघडल्यावर थेट ‘फाईल विथ ईव्हीसी’कडं धावू नका. आयजीएसटीचा रकाना रिकामा दिसला आणि त्या महिन्यात चंदगडला माल गेला असेल, तर थांबा.

विक्री शून्य असली तरी रिटर्न लागतं. हंगामी धंदेवाले इथं हमखास फसतात. शून्य रिटर्नसाठी पोर्टलही उघडावं लागत नाही. नोंदवलेल्या मोबाईलवरून १४४०९ ला एसएमएस पाठवायचा: आधी ‘एनआयएल’, मग ‘३बी’, मग जीएसटी नंबर, मग महिना-वर्ष सहा आकड्यांत, अक्षरं इंग्रजी. उलट कोड येतो, तो ‘सीएनएफ ३बी’च्या पुढं लिहून परत पाठवला की काम झालं. उशीर झाला तर शून्य रिटर्नला दिवसाला २० रुपये, इतरांना ५०. दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीला हे शुल्क एका रिटर्नमागं जास्तीत जास्त २,००० आणि शून्य रिटर्नला ५००. थकलेल्या करावर १८ टक्के व्याज वेगळं.

शेवटच्या संध्याकाळी पोर्टल रडतं, यात नवीन काही नाही. १० जानेवारी २०२५ ला, जीएसटीआर-१च्या मुदतीच्या आदल्या दिवशी, पोर्टल इतकं बंद पडलं की सरकारला मुदत १३ तारखेपर्यंत वाढवावी लागली. पण मुदतवाढ दरवेळी मिळत नाही, आणि विलंब शुल्क यंत्र आपोआप लावतं, त्याला तुमच्या लाईट गेल्याचं सोयरसुतक नाही. महिन्याची बिलं ५ तारखेपर्यंत बंद करा, ८-९ तारखेला सकाळी लवकर बसा. बेळगावात गणपतीत दुकानात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा भाद्रपदात हे काम आणखी आधी उरका. त्रुटी आली तर तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, पोर्टलच्या तक्रार विभागात तिकीट काढा आणि नंबर लिहून ठेवा. हेल्पडेस्कचा फोन १८००-१०३-४७८६.

६. पैसे कापले, लेजरमध्ये दिसेनात

बँकेतून रक्कम गेली, पोर्टलच्या कॅश लेजरमध्ये (तुम्ही भरलेल्या पैशांच्या खात्यात) शून्य. बहुतेक वेळा बँकेकडून सीआयएन (पैसे भरल्याचा) नंबर पोचायला वेळ लागलेला असतो. दिवसभर थांबा. तरीही आलं नाही तर पोर्टलवर पीएमटी-०७ भरून पेमेंटची तक्रार करा. मुदतीचाच दिवस असेल आणि हाताशी पैसे असतील तर दुसरं चलन भरायला हरकत नाही. पहिली रक्कम नंतर लेजरमध्ये आली की ती पुढच्या महिन्याला वापरता येते, बुडत नाही.

चलन भरताना आयजीएसटीच्या रकान्यात टाकायची रक्कम सीजीएसटीत पडली, तर पीएमटी-०९ भरून ती कॅश लेजरमध्येच हलवता येते. हे रिटर्न दाखल होण्याआधीच, म्हणजे रक्कम लेजरमध्ये पडून असेपर्यंत. बिलं जुळत नाहीत म्हणून ३बी रखडलं असलं, तरी कराची रक्कम मुदतीत कॅश लेजरमध्ये भरून ठेवा. तेवढ्या रकमेवर मग व्याज लागत नाही, फक्त विलंब शुल्क लागतं.

७. ई-वे बिल

करासह ५० हजारांच्या वरचा माल गाडीत चढण्याआधी ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा ऑनलाइन कागद, काढायचं. त्याचं पोर्टल आणि लॉगिन वेगळं असतं, आणि एप्रिल २०२५ पासून तिथंही ओटीपी लागतो. ‘शिनोळी तर इथंच आहे’ हे कारण रस्त्यावरच्या पथकाला चालत नाही. दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या मालाला अंतराची सूट नाही.

जॉबवर्कवाल्यांनो, तुमच्यासाठी ५० हजारांची मर्यादाही नाही. उद्यमबागेतून कास्टिंग मशीनिंगसाठी शिनोळीला पाठवलं आणि त्याची किंमत पाच हजार असली, तरी दुसऱ्या राज्यातल्या जॉबवर्करकडं माल जाताना ई-वे बिल लागतंच, सोबत डिलिव्हरी चलनही (माल पाठवल्याचा कागद). गाडी बदलली तर ई-वे बिलाच्या भाग-बीमध्ये गाडीचा नंबर बदला. ई-वे बिल चुकलं तर २४ तासांत रद्द करता येतं. माल पकडला तर सोडवायला मालकाला कराच्या दुप्पट दंड भरावा लागतो. आणि लागोपाठ दोन रिटर्नं थकली की ई-वे बिल निघायचंच बंद होतं. ऐन दसऱ्याच्या तोंडावर गाडी भरून उभी आणि पडद्यावर ‘ब्लॉक्ड’, ही वेळ येऊ देऊ नका.

८. नोटीस कुठं येते

पोस्टमन येईल अशी वाट बघू नका, नोटीस पोर्टलवर येते. ‘सर्व्हिसेस’मध्ये ‘यूजर सर्व्हिसेस’, तिथं ‘व्ह्यू नोटिसेस अँड ऑर्डर्स’. हे सगळ्यांना सापडतं. त्याच यादीत ‘ॲडिशनल नोटिसेस’ नावाचा वेगळा दुवा आहे आणि गंभीर नोटिसा पुष्कळदा तिथं असतात. दर आठवड्याला दोन्हीकडं बघा.

एएसएमटी-१० म्हणजे रिटर्नमधल्या विसंगतीची विचारणा, उत्तर एएसएमटी-११ नं ३० दिवसांत. जीएसटीआर-१ आणि ३बीतल्या कराचा फरक दाखवणाऱ्या डीआरसी-०१बीला फक्त ७ दिवस. आरईजी-१७ म्हणजे नोंदणी रद्द का करू नये, त्यालाही सात कामाचे दिवस. नोटिशीतला आकडा बघून लगेच पैसे भरू नका, आणि गप्पही बसू नका. पुष्कळदा तो फरक वर सांगितलेल्या २९-२७च्या गोंधळातूनच निघालेला असतो, आणि बिलं, एलआर (ट्रान्सपोर्टची पावती), ई-वे बिल जोडून सरळ उत्तर दिलं की प्रकरण मिटतं. एसएमएसमध्ये दुवा देऊन ‘जीएसटी थकला, इथं भरा’ म्हणणारे निरोप मात्र उघडूच नका. खरी नोटीस लॉगिन केल्यावर दिसते.

धंदा बंद केला तर शटर ओढून विषय संपत नाही. आरईजी-१६ भरून नोंदणी रद्द करा, तोपर्यंतची सगळी रिटर्नं पुरी करा, आणि रद्द झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत जीएसटीआर-१० हे शेवटचं रिटर्न भरा. नोंदवलेलं सिमकार्ड ते दाखल होईपर्यंत बंद करू नका, त्यालाही ओटीपी लागतो.